पोपटच्या घळीतले काटे

हौसरावनं डालड्याच्या डब्यानं होडीतलं पाणी उपसून फेकलं आणि ते नेमकं म्हाळसाच्या पदरावर पडलं, कारण त्याचं तोंड भलतीकडेच होतं.

"पानी फेकायची बाजू ती," म्हाळसा वल्हं थांबवून म्हणाली. "आन् पोपट तिकडं हाय."

"मी पोपटकडं बघतच न्हाई."

"मग माझ्याकडं बघून फेका की."

हौसराव बायकोकडे बघून पाणी उपसू लागला. दोन-चार डब्यांनंतर मान आपोआप वळली. हाकेच्या अंतरावर पोपटची पत्र्याची होडी काठाकडे निघाली होती. होडी पाण्यात किती खाली बसली आहे यावरून आत मासा किती ते लांबूनही कळतं. पोपटची चांगलीच खाली बसली होती. हौसरावची होडी तरंगत होती. फारच सुरेख तरंगत होती.

दोन पावसाळे कोरडे गेल्यावर घोड धरणात यंदा कुठं पाणी आलं होतं. नारळी पौर्णिमेला नारळ सोडून होड्या पाण्यात उतरल्या, तेव्हा माशाची आशा कुणालाच फारशी नव्हती. पुराबरोबर वरून जे काही वाहत आलं होतं तेवढंच. प्रत्येकाच्या जाळ्याला सकाळी मूठभर चिलापी लागे. प्रत्येकजण दुसऱ्याची टोपली बघे, ती आपल्याइतकीच रिकामी आहे याची खात्री करून घेई आणि समाधानानं घरी जाई. असे दिवस हौसरावला एकंदरीत बरे वाटत होते. पोपटला मरळ आणि वाम अशी महागाची मासळी लागायला लागली, तिथून सगळं बिघडलं.

बरं, हा पोपट म्हणजे कोण? हौसरावच्याच हाताखाली तयार झालेला. जाळं विणायला त्यानं शिकवलं, वारं बघायला त्यानं शिकवलं. धरणात प्रत्येक होडीची जागा ठरलेली असते. कागद नसतो, पण दुसऱ्याच्या जागेवर कुणी जाळं टाकत नाही. पोपटला जागा हवी झाली तेव्हा हौसरावनंच आपल्या शेजारची काढून दिली होती. मोठ्या मनानं दिली. तिथं मासा नाही असं त्याचं ठाम मत होतं.

मग दुष्काळ पडला आणि धरणाचा तळ उघडा झाला. ज्या पाण्यावर जन्म गेला त्याच्याखाली काय आहे, ते सगळे होडीवाले चपला घालून बघून आले. हौसरावची जागा म्हणजे जात्याच्या पाळीसारखी सपाट. आणि पोपटच्या जागेखाली एक लांबलचक घळ. खोल, वाकडी, कडेला खडक; मासा राहावा तर अशा ठिकाणी.

हौसराव त्या घळीच्या काठावर उभा राहिला. बराच वेळ उभा राहिला. मग काठावरच्या वेड्या बाभळी तोडायला गेला.

सगळं गाव टँकरमागं धावत असताना तो भर उन्हात फांद्या ओढत घळीत नेत होता. बुडखे गाळात पुरले, वर दगड रचले, फांद्या एकमेकींत अडकवल्या. पाणी आलं की पोपटनं जाळं टाकावं आणि ओढताना ते टरटरा फाटावं, एवढीच त्याची माफक अपेक्षा होती. संध्याकाळी म्हाळसा सुई घेऊन त्याच्या तळहातातले काटे काढी.

"कशाचं काटं म्हनायचं हे?"

"कुंपन घातलं."

"आपल्याला शेत कवा झालं?"

यावर तो हात हळू धर म्हणाला होता.

आणि पोपटनं घळीत जाळं टाकलं त्या पहिल्या दिवशी ते खरोखरच फाटलं. त्या दिवशी हौसरावनं एक भाकरी जास्त खाल्ली. दुसऱ्या दिवशी पोपटनं बांबूनं तळ चाचपला. तिसऱ्या दिवशी त्यानं काट्यांच्या भोवतीनं जाळं लावलं, आणि त्याची बायको नकुशी मधोमध होडी नेऊन वल्ह्यानं पाण्यावर धपाधप मारू लागली. काट्यांत दडून बसलेला मासा उठला आणि जाळ्यात गेला. धरणात जो काही मासा होता त्याला लपायला तेवढं एकच ठिकाण होतं. ते हौसरावनं बांधून दिलं होतं.

म्हाळसानं होडी काठाला लावली तेव्हा नबीलालचा तोलायचा काटा बाभळीला टांगलेला होता आणि पोपटची टोपली त्यात होती. नबीलाल रोज एम-एटीवर बर्फाच्या पेट्या बांधून यायचा आणि मासा दौंडला न्यायचा. भोवती चार-पाच होडीवाले उभे होते. त्यांच्या टोपल्या आधीच तोलून झाल्या होत्या. त्याला वेळ लागला नव्हता.

"आरं, डोकं लागतं डोकं," नबीलाल सगळ्यांना सांगत होता. "तुमी सगळी पान्याच्या नावानं बोंबलत हुता, तवा ह्यो पठ्ठ्या माशाला घरं बांधत हुता. बाभळी पुरल्यात बाभळी! कुनाला सुचलं?"

"नबीलालभाई, मी न्हाई वो पुरल्या," पोपट म्हणाला. "आईशप्पत. मला बी जाळं फाटल्यावरच कळलं."

"बघा. वर मोठेपना बी घेत न्हाई."

"आपन आसतो तर पंचायतीफुडं बोर्ड लावला आसता," चांगदेव होडीवाला म्हणाला.

"खरंच मी न्हाई."

पोपट जितकं नाही म्हणत होता तितका तो मोठा होत होता. हौसराव आपली टोपली धरून उभा होता. आठ दिवस तो हे ऐकत होता. काल तर कुणीतरी बोललं होतं की पोपटला पुण्याच्या साहेबांनी भाषणाला बोलावलं पाहिजे. त्यानं टोपली खाली ठेवली.

"म्या पुरल्यात त्या," तो म्हणाला.

"काय, आबा?" नबीलालनं विचारलं.

"बाभळी. म्या पुरल्यात. एकट्यानं. भर उन्हात फांद्या वढल्यात, बुडखं गाळात पुरल्यात, वर दगडं रचल्यात. त्याला काय डोकं हाय! डोकं माझं हाय!"

चांगदेव हसला, आणि मग कुणालाच थांबवेना.

"आन् यंदाचा पाऊस बी तुमीच पाडला आसंल, आबा!"

"आवो, आठ दिस कुठं गेलं हुतं हे डोकं?"

"आबा," नबीलाल समजुतीनं म्हणाला, "तुमच्याच हाताखालचं पोर हाय. त्येचं बरं झालं तर बघवंना व्हय?"

आपण इतकं खरं बोललो, याचं हौसरावला स्वतःलाच आश्चर्य वाटत होतं. खऱ्याचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. तो लाल झाला, पांढरा झाला, आणि म्हाळसाकडे बोट करून म्हणाला, "हिला इचारा. हिनं काटं काढल्यात माझ्या हातातलं."

पोपट तेवढा हसला नव्हता. तो हौसरावकडे बघत होता, काट्यावर टोपली हलताना बघतात तसा.

"आबांनी पुरल्या आसतील," तो सावकाश म्हणाला. "तसं आसंल तर घळीतला निम्मा मासा आबांचा. आजपास्नं. काकी, तुमी सांगा. तुमी सांगाल त्ये मला कबूल."

निम्मा मासा! सगळ्यांच्या माना म्हाळसाकडे वळल्या.

म्हाळसा ओला पदर पिळत होती. तिनं पोपटच्या होडीत पडलेल्या जाळ्याकडे पाहिलं. जुन्या पांढऱ्या जाळ्यात मधेच हातभर तुकडा निळ्या दोऱ्यानं नवा विणलेला होता. तिनं पदर झटकला.

"ह्यांनी?" ती म्हणाली. "आवो, उन्हाळाभर हे हितं कुठं हुतं? पाटसला माझ्या भावाकडं हुतं की."

आता मात्र हसण्याला धरबंध राहिला नाही. चांगदेव खाली बसला. नबीलालनं डोळे पुसले आणि म्हणाला, "आणा आबा तुमची टोपली. तोलू का तशीच सांगू?"

पोपटनं मान खाली घातली आणि आपला काट्यावरचा मासा पेटीत ओतायला लागला.

त्यांची वस्ती पलीकडच्या काठाला होती. होडीनं अर्धं पाणी कापलं.

"निम्मा मासा देत हुता त्यो," हौसराव शेवटी म्हणाला.

"देत हुता."

"मग खोटं का बोललीस?"

"खरं बोलले आसते, तर त्यांनी फुडचं इचारलं आसतं."

"काय फुडचं?"

"आबा, सवताची जागा सोडून पोपटच्या जागंत कशापायी पुरल्या?"

हौसरावनं तोंड उघडलं. या प्रश्नाचं एखादं चांगलं उत्तर असणार याबद्दल त्याची खात्री होती. फक्त ते सापडत नव्हतं.

"जाळं फाटलं तवा नकुशी आपल्याकडंच दोरा मागाया आली हुती," म्हाळसा म्हणाली. "निळा हुता, त्यो दिला."

"तिला ठावं हाय?"

"तिनं इचारलं न्हाई. मी सांगितलं न्हाई."

वल्हं दहा-बारा वेळा पाण्यात गेलं आणि वर आलं.

"आता त्याला दिलदार बी म्हनतील," हौसराव म्हणाला.

"म्हनतील."

"लबाडाला बी निम्मा मासा द्याया निगाला, म्हनतील."

"आजच म्हनतील. आपुन काठाला लागायच्या आधी."

होडी त्यांच्या जागेवरून चालली होती. खाली सपाट गाळ होता, हे आता त्याला माहीत होतं, आणि माहीत नसताना तो सुखी होता. तो कडेला वाकून पाण्यात बघू लागला.

"हितं बी पुरल्या तर?" त्यानं विचारलं. "आपल्या जागंत. घळीतल्यापरीस दाट."

"एवढ्या पान्यात? बुडी मारून?" म्हाळसानं वल्हं उभं धरून पाण्यात सोडलं. ते मुठीपर्यंत गेलं तरी तळ लागला नाही. "तळ उघडा पडाया पायजे. पडंल तवा पुरा."

"कवा पडंल?"

"मला काय इचारता?"

तिनं वल्हं वर घेतलं आणि होडी पुढे काढली. मागच्या काठावर कुणीतरी मोठ्यानं हाळी दिली, दुसऱ्यानं तिला ओ दिली. परतीचा पाऊस येणार, धरण यंदा भरणार, असं काहीतरी ते आनंदानं एकमेकांना सांगत होते. हौसरावनं मान वर केली. ढग खाली आले होते, काळेभोर, पोटात पाणी धरलेले, आणि त्यांच्यामागून आणखी येत होते.

त्याला ते मुळीच आवडले नाहीत.