सुपडूच्या डोक्यातली झोपेची पेशी

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि कल्पना करा, की तुम्ही वाळूच्या कणाहूनही बारीक झाला आहात आणि एका माणसाच्या मेंदूच्या तळाशी बसला आहात. तिथेच माझे घर. मी एक जुनी पेशी आहे, झोप आणणारी. माझा मालक सुपडू, धुळ्याजवळच्या एका खेड्यातला शेतकरी.

माणूस जागा राहतो तसतसा त्याच्या मेंदूत जागरणाचा गाळ साचतो. तो वाढला की आम्ही जागवणाऱ्या पेशींना गप्प करतो. मग माणूस झोपतो आणि गाळ उपसला जातो. सुपडू लहान असताना त्याची आई म्हणायची, "मन्हा पोऱ्या शहाणा शे, पडना का झोपना." ते कौतुक माझे होते. पुढे तेवढेही मिळाले नाही.

सत्त्याऐंशीच्या हिवाळ्यात वीज रात्रीच येऊ लागली. सुपडू रात्री मोटार चालवून गव्हाला पाणी देई आणि दिवसा जिनिंगमध्ये सरकी काढायच्या यंत्राला हाताने कापूस भरवी. मी हाका मारल्या, की तो वर कडक चहा ओती. चहाने गाळ निघत नाही, मित्रांनो. चहा फक्त माझे कान बंद करतो.

सोबतचा रुपचंद हसायचा, "सुपडूभाऊ, आठे कामले येस का सासरवाडीले झोपाले?"

"आजना दिन निभी जाऊ दे," सुपडू म्हणे.

अकराव्या दिवशी त्याची मुलगी पुष्पा दुपारी जिनिंगवर भाकरी घेऊन आली. ती सातवीत होती. तिने दारातून पाहिले. तिच्या आबांचे, म्हणजे सुपडूचे, डोळे उघडे होते, पण ते काहीच पाहत नव्हते. चहाचा अंमल सरला होता आणि अकरा रात्रींचा गाळ एकदम माझ्यावर आला होता. मी त्याला दोनच क्षण झोपवले. तेवढ्यात यंत्राने त्याची तीन बोटे घेतली.

मुकादमाने कागदावर लिहिले, 'कामात झोपला.' रात्रीच्या पाण्याबद्दल एक अक्षर नाही. रुपचंद खाली मान घालून उभा राहिला. सुपडूलाही ते पटले, हे मला जास्त लागले.

"चूक मन्हीच शे, बेटा," तो पुष्पाला म्हणाला. "मन्हा डोयाच नालायक शेतस."

मित्रांनो, थकलेल्या माणसाला आळशी म्हणू नका. मी एवढेच मागते.

त्या रात्री वीज आली तेव्हा सुपडू गाढ झोपला होता. पुष्पाने त्याला उठवले नाही. त्याच्या अंगावर गोधडी ओढली, कंदील उचलला आणि ती एकटीच मोटार सुरू करायला निघाली. सकाळी सातला तिची शाळा होती.