दारापलीकडची दिवेवाली

पत्त्यातलं माणूस मेलं की कुणाचं काही बिघडत नाही. डाव संपतो, पत्ते पिसले जातात आणि मेलेला पुन्हा कुणाच्या तरी हातात येतो. माझा मुलगा असल्या पत्त्यांवर पोट भरतो.

काजळबंदर नावाचं एक गाव त्याने मनाने रचलं. तिथे पाण्याची नाही, अंधाराची भरती येते. भरती चढली की रस्ते बुडतात आणि जो उंबऱ्याबाहेर सापडतो तो संपतो. नावाडी, घंटेवाला, जकातदार, दोरवाली अशी तिथली माणसं. प्रत्येकाचा एक पत्ता, त्यावर चित्र, चित्राखाली त्याची ताकद. पोरं पाकिटं विकत घेतात, आपसात पत्ते बदलतात आणि खेळतात.

त्यातला एक पत्ता दिवेवालीचा. लहान मुलगी, हातात कंदील, एक वेणी सुटलेली. ती माझी नात. आम्ही तिला बिट्टी म्हणायचो. तिला रक्ताचा आजार होता. अंथरुणात बसून ती बापाला हुकूम सोडायची, याला शिंगं काढ, त्याचं नाक मोठं कर. स्वतःचा पत्ताही तिनेच ठरवला.

"मला मारामारी नको," ती म्हणाली. "मी फक्त सगळ्यांना वाचवणार."

"आणि तुला कोण वाचवणार गं?" बापाने विचारलं.

"मला कशाला? मी येतेच की परत, पिसले की."

म्हणून पत्त्यावर तसंच छापलं: दिवेवालीला टाकून द्या, या भरतीत तुमचं दुसरं कोणीही मरणार नाही. पत्ते छापून घरी आले तेव्हा बिट्टी नव्हती. झोपेतच गेली, असं मुलाने आम्हाला सांगितलं. त्या संध्याकाळी दवाखान्यात तो एकटाच तिच्यापाशी होता. डॉक्टर म्हणाले होते, आज बरं आहे, म्हणून सून घरी धुतलेल्या चादरी आणायला आली होती.

पत्ता फार चालला. स्वस्त आणि कामाचा. पहिल्या मोठ्या स्पर्धेला आम्ही सगळे गेलो होतो. मोठं दालन, रांगेने टेबलं, आणि प्रत्येक टेबलावरून एकच बोल ऐकू यायचा, "टाक पोरगी!" खेळणाऱ्यांची ती बोलायची रीतच पडली होती. कुणी हसत म्हणे, कुणी नुसतं सवयीने. सून खुर्चीवरून उठली आणि बाहेर जाऊन जिन्यात बसली. त्यानंतर तिने त्या पत्त्यांना हात लावला नाही.

पुढे गिऱ्हाइकं मागायला लागली की आम्हाला या गावात शिरायचंय. म्हणजे टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने गावातलं एकेक माणूस व्हायचं, एकाने सूत्रधार होऊन सांगायचं की समोर काय दिसतंय, बाकीच्यांनी सांगायचं की आम्ही काय करतो. अडलं की फासे टाकायचे. त्यासाठी गावाचं एक जाडजूड पुस्तक लागतं. ते लिहायला मुलाने दोघांना हाताशी धरलं. एक त्याचा जुना भागीदार, त्याला सगळे टकल्या म्हणतात आणि त्याला त्याचं काही वाटत नाही. दुसरी नियम लिहिणारी, आधी शाळेत शिकवायची, म्हणून मास्तरीण.

पत्त्यावर दोन ओळी भागतात, गावाला भागत नाहीत. मास्तरीण दिवसभर विचारत बसायची, "जकातदार झोपतो कुठे? घंटेवाल्याला सुट्टी असते का? नावाड्याला बायको आहे?"

"त्याला बायको असती तर तो नावेत राहिला असता का?" टकल्या म्हणायचा. "की असल्यामुळेच राहतो?"

मोठा फरक मात्र वेगळा होता. पाकिटं फोडली तर दिवेवाल्या पोत्याने निघतील. गावात ती एकच. आणि गावात पिसणं नाही. मेलं ते मेलं.

मुलाने कामाच्या दोन पद्धती ठरवल्या होत्या. रविवारी दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलावर तपासणीचा डाव बसायचा, आणि त्यात जे घडेल तेच पुस्तकात जायचं. तो म्हणायचा, मी ठरवलं की सगळं गुळगुळीत होतं, फाशांना दयामाया नसते. असाच नावाड्याचा एक हात गेला, तो पुस्तकातही थोटाच आहे. दुसरी पद्धत, बोललं ते केलं. पत्तेवाल्यांना पान टाकून मागे घ्यायची खोड असते. इथे तोंडातून गेलं की झालं.

सगळ्यांची पानं लिहून झाली, दिवेवालीचं कोरं राहिलं. मुलगा ते रोज उघडायचा आणि मिटायचा. शेवटी जकातघराचा डाव आला, ज्यात ती येणार होती. त्या सकाळी सून भांडी पुसता पुसता म्हणाली, "आज मी बसते."

मुलगा दचकला. "तू?"

"मी. तिला कोणी मारायचं नाही, एवढं बघायला बसते. ती जगली तर तिचं पान लिहाल ना? मोठी झाली, दुधाचे दात पडले, कुणाशी भांडली, काहीतरी लिहाल."

"मी फासे फिरवणार नाही हं."

"फिरव म्हटलंय का मी? मला माणूस दे एक."

त्याने तिला दोरवाली दिली, बंदरावर दोर वळणारी बाई. मला घंटेवाला दिला, कारण त्याला कमी चालावं लागतं. टकल्या जकातदार झाला, मास्तरीण नावाडी. टेबलावर खडूने जकातघर आखलं. माणसं म्हणून शर्टाची बटणं ठेवली. दिवेवालीसाठी मुलाने पिवळं बटण ठेवलं आणि बराच वेळ त्यावरून बोट उचललं नाही.

डाव छान चालला होता. टकल्याचा जकातदार प्रत्येकाकडून आत येण्याची जकात मागत होता.

"मेल्या, बाहेर अंधार चढतोय आणि तुला जकात सुचते?" सून म्हणाली.

"वहिनी, अंधारावरही बसवणार आहे, चढू दे नुसता."

सून हसली. ती त्या टेबलावर हसेल असं मला वाटलं नव्हतं. मुलाने दिवेवालीचं बोलणं सुरू केलं, जरा बारीक आवाजात. दिवेवालीने दोरवालीला विचारलं, तुझे हात एवढे खरखरीत कसे? सून म्हणाली, दोर वळून वळून. तू शिकतेस का? दिवेवाली म्हणाली, शिकेन, पण मला कंटाळा येतो. सुनेने मान खाली घातली. बिट्टी कशालाही असंच म्हणायची.

मग भरती चढली. मुलाने सांगितलं, "अंधार पायऱ्यांपर्यंत आलाय. दाराचा अडसर बाहेरच्या बाजूला आहे. आतून दार बंद राहत नाही, कुणीतरी बाहेरून लावायला हवं. आत वीस-पंचवीस माणसं आहेत. दिवेवाली दारातच उभी आहे. काय करता?"

"टाक पोरगी," टकल्या म्हणाला.

तो विचार करून बोलला नाही. पत्त्यांच्या डावात पानं सारखी करताना जसं म्हणायचा तसंच निघालं. बोलल्यावर त्याने दोन्ही हात तोंडावर ठेवले.

"नाही, नाही," तो म्हणाला. "सवयीने गेलं. वहिनी, आईशप्पथ, सवयीने गेलं. हे धरायचं नाही."

मास्तरीण मुलाकडे बघून म्हणाली, "दादा, हा नियम आपणच केलाय. आपणच मोडू शकतो."

"मोड," मी म्हणालो. "तुझाच खेळ आहे."

मुलगा पांढरा पडला होता. सून त्याच्याकडे बघत होती. तो हळूच म्हणाला, "नावाड्याचा हात गेला तेव्हा मोडला नाही. तिच्यासाठी मोडला, तर ते सगळं गाव खोटं होईल." आणि त्याने पिवळं बटण खडूच्या रेघेबाहेर सरकवलं. "जकातदाराने तिला बाहेर ढकललं. तिने अडसर लावला. आतले वाचले."

मला वाटलं, सून आता टेबल उधळून देणार. तिने स्वतःचं बटण उचललं आणि पिवळ्या बटणाला चिकटून ठेवलं.

"अडसर पडायच्या आत दोरवाली बाहेर गेली," ती म्हणाली. "बोलले. झालं ना?"

"झालं," मुलगा म्हणाला.

"मग सांग. बाहेर काय झालं ते सांग."

"फासे टाकायचे का?" मास्तरिणीने हळूच विचारलं.

"फासे नकोत. हा सांगेल. मी तिथे आहे आता. मला सगळं दिसायला हवं."

मुलाने त्या दोन बटणांकडे पाहिलं. मग सूत्रधार सांगतो तसं सांगायला लागला. "अंधार गुडघ्यापर्यंत आलाय. दिवेवालीने कंदील छातीशी धरलाय. तिला थंडी वाजतेय."

"घाबरलीय?"

"हो."

"पुढे."

"ती विचारते, आई कुठे आहे." त्याचा आवाज आता बारीक नव्हता, त्याचा स्वतःचा होता. "मी म्हणतो, येतेय, वाटेत आहे. थोड्या वेळाने ती पुन्हा विचारते. तिला श्वास घेता येत नाही. नर्स पळत बाहेर जाते. मी तिचा हात धरलाय. ती म्हणते, दिवा लाव ना. दिवा चालू आहे. मी म्हणतो, लावला. ती दाराकडे बघते. शेवटपर्यंत दाराकडेच बघत असते."

तो थांबला.

"झोपेत गेली म्हणालास," सून म्हणाली.

"हो."

"मी त्याच्यावर जगले. निदान झोपेत गेली, निदान तिला कळलं नाही, एवढं एक धरून."

"म्हणूनच म्हणालो."

"मी चादरी वाळायची वाट बघत बसले होते," ती म्हणाली. "ओल्याच घेऊन निघाले असते."

टकल्या मान खाली घालून रडत होता. मी उठून सुनेच्या डोक्यावर हात ठेवायला गेलो, तिने माझा हात बाजूला केला, रागाने नाही. मग मास्तरिणीला म्हणाली, "ते कोरं पान घे. मी सांगते तसं लिही."

मास्तरिणीने पेन काढलं.

"दिवेवाली जकातघराच्या दारात मेली. ती घाबरली होती. आई कुठे आहे, असं तिने विचारलं." सून थांबली. "आणि लिही, एक बाई अडसर पडायच्या आत तिच्याजवळ गेली. ती आई नव्हती. आई पोचली नाही."

"वहिनी," टकल्या म्हणाला, "दोरवालीला तिची आई म्हणू या ना. आपलंच तर पुस्तक आहे. कोणाला कळणार?"

"टेबलावर घडलं ते छापायचं ना तुमचं?" सून म्हणाली. "मग छापा."

ती उठून आतल्या खोलीत गेली. मुलगा मागे गेला, पण तिने दार लावून घेतलं होतं. तो दाराबाहेर जमिनीवर बसला. टकल्या आणि मास्तरीण खडू न पुसता पिशव्या उचलून गेले.

पुस्तक तसंच छापून आलं. दिवेवालीच्या पानावर चित्र नाही, त्या चार ओळी आहेत. सून आठवडाभराने भावाकडे राहायला गेली ती अजून आलेली नाही. फोन करते, मुलाची चौकशी माझ्याजवळ करते. मुलगा नव्या पत्त्यांच्या कामाला लागलाय. पत्त्यांच्या पाकिटांतून दिवेवाली अजून निघते. परवा आमच्या घराखालच्या दुकानाच्या ओट्यावर दोन पोरं खेळत होती. एकजण अडला होता. दुसरा त्याला म्हणाला, टाक पोरगी.