चर्चकडच्या गोलपुढची माती

शेवटचा सामना आटपला आणि लोक खुरपी, सुऱ्या घेऊन मैदानात उतरले. सोमवारपासून इथे घरांचे पाये खणणार होते, म्हणून जो तो थॉर्नविक टाऊन फुटबॉल क्लबच्या हिरवळीचा एकेक तुकडा आठवण म्हणून कापून घरी नेत होता. मी बाळाला छातीशी बांधून थेट चर्चकडच्या गोलपुढे गेले. चार वर्षांपूर्वी डॅडींची राख आम्ही तिथेच ओतली होती. त्यांना मागे ठेवून जायचं नव्हतं.

खुरपं टेकवलं, तेवढ्यात मैदान राखणारे म्हातारे नॉर्मन लगबगीनं आले.

"तिथं नको गं, पोरी."

"अजून गवत जपताय होय? सोमवारी बुलडोझर तुम्हाला विचारून येणार आहे का?"

ते हसले नाहीत. "राखेनं गवत जळतं. तुम्ही सगळी एकाच जागी ओतलीत, आठवड्यात टक्कल पडलं. शनिवारी सामना होता. मी वरची माती काढून नवी हिरवळ बसवली."

"आणि ती माती?"

"कुंपणापलीकडे पसरली."

कुंपणापलीकडे गेल्या वर्षी डांबर पडलं. आता तिथे दुकानाच्या गिऱ्हाइकांच्या गाड्या उभ्या असतात.

"मला सांगायचं तरी!"

"दर शनिवारी इथं उभी राहून तुझ्या डॅडीला स्कोअर सांगायचीस. कसं सांगणार?"

बाळ चुळबुळलं. मी त्याच्या पाठीवर थोपटत विचारलं, "नक्की कुठं?"

नॉर्मननी हात उचलला. तो लाल व्हॅनवरून पांढऱ्या गाडीवर, तिथून पुढच्या गाडीवर फिरत राहिला. कुठेच थांबेना.