मोरेश्वरची लाल टिकली

"नृत्याला देश नसतो, भाषा नसते, वय नसतं!" असं मोरेश्वर करंबेळकरने डिसेंबरच्या पहिल्या रविवारी आपल्या दिवाणखान्यात जाहीर केलं आणि पुरावा द्यायला तो उठला. नृत्याला गुडघे मात्र असतात, हे त्याला सोफ्याच्या कडेशी कळलं. त्याच्या बायकोने, नीलांबरीवहिनींनी, बाम पुढे केला. तो आधीपासूनच हाताशी ठेवलेला होता.

मोरेश्वर इथे अमेरिकेत, आयसेलिनजवळच्या एका कंपनीत लिफ्टच्या दारांची डिझाइनं करतो. मीही तिथलाच. चार वर्षांपूर्वी रिटायर झालो, तरी हॉलिडे पार्टीचं आमंत्रण मला अजून येतं, कारण सोडून गेलेल्यांची नावं यादीतून काढायचं काम माझ्याकडेच होतं.

या पार्टीत मोरेश्वरने सव्वीस वर्षं भिंतीशी, कोटांच्या स्टँडशेजारी उभं राहून काढली. तिसऱ्या वर्षापासून लोक त्याच्या हातात कोट द्यायला लागले. तो ते नीट लावून ठेवायचा. आता जूनमध्ये तो रिटायर होणार, म्हणजे ही शेवटची पार्टी.

"उल्हास, एकदा तरी कोट न सांभाळता घरी जायचंय रे," तो म्हणाला. हे मात्र त्याने हळू सांगितलं.

यंदा योग चांगला होता. परचेसमधली अनोंग तिच्या थाई देवळातली मंडळी घेऊन येणार होती. लांबलचक ढोल, झांजा, लाकडी पट्ट्यांचं एक गोड वाद्य आणि रामवोंग. रामवोंग म्हणजे गोल करून, सावकाश पावलं टाकत, बोटं कळीसारखी उमलवत करायचा नाच. मोरेश्वरने व्हिडिओ लावून तीन आठवडे बेसमेंटमध्ये सराव केला. मध्ये पाणी तापवायची टाकी, भोवती मोरेश्वर, आणि पायरीवर बसून तांदळाच्या डब्यावर ठेका धरणाऱ्या वहिनी.

पार्टी शुक्रवारी दुपारी तीनला, कॅफेटेरियात होती. दाराशी एचआरची डेब्रा दोन रंगांचे गोल स्टिकर घेऊन उभी. मागच्या वर्षी कुणाला तरी ओढून नाचायला नेलं आणि तक्रार झाली, म्हणून यंदा ही सोय. हिरवा म्हणजे मी नाचणार, लाल म्हणजे कृपया मला आग्रह करू नका. वहिनींनी हिरवा लावला. मोरेश्वरने काहीच घेतलं नाही. आपण होऊन हिरवा लावणं म्हणजे लग्नात कुणी बोलवायच्या आधीच पानावर जाऊन बसणं.

आम्ही दोघे कोटांच्या स्टँडशेजारच्या खुर्च्यांवर बसलो आणि ढोल सुरू झाला. अनोंग रेशमी शोभिवंत वेशात थेट मोरेश्वरपुढे आली, हात जोडले आणि म्हणाली, "मोरेश्वर, विल यू डान्स विथ अस?"

"नो, नो, प्लीज! यू पीपल कॅरी ऑन."

आता, आपल्याकडे हे होकाराचं पहिलं वाक्य असतं. मग समोरच्याने "असं कसं?" म्हणायचं, आपण "मला कुठे येतंय!" म्हणायचं, मग त्याने दंड धरून ओढायचं आणि आपण "काय हे!" म्हणत उठायचं. अनोंगने पहिलं वाक्य ऐकलं आणि त्यावर विश्वास ठेवला. गोड हसून ती निघून गेली. मागून डेब्रा आली आणि तिने मोरेश्वरच्या छातीवर मायेने लाल टिकली चिकटवली.

"वी रिस्पेक्ट दॅट," ती म्हणाली.

दोन मिनिटांत त्याच्या हातात पहिला कोट आला.

गोल फिरू लागला. वहिनी पहिल्या फेरीला आमच्यासमोरून गेल्या. "अहो, उठा की!"

"बोलावू दे ना परत," मोरेश्वर म्हणाला.

दुसऱ्या फेरीला वहिनींनी बोटं उमलवली. "कोण बोलावणार? छातीवर बोर्ड लावलाय."

"तू सांग ना तिला."

उत्तर यायला एक फेरी लागली. "मी नाही सांगणार. तीन आठवडे डबा मी बडवलाय, तोंड तुम्ही उघडा."

तोवर मोरेश्वरकडे सहा कोट आणि एक छत्री जमली होती. तेवढ्यात अनोंगने माइकवर सांगितलं, की हे शेवटचं गाणं. मोरेश्वरने माझ्याकडे पाहिलं. मग छातीवरची टिकली काढली, माझ्या खिशावर चिकटवली, सगळे कोट माझ्या मांडीवर ठेवले आणि तो चालत अनोंगपर्यंत गेला.

"आय वॉन्ट टू डान्स," तो म्हणाला. लग्न ठरतानासुद्धा त्याने काही मागितल्याचं मला आठवत नाही.

डेब्रा धावत आली. "आर यू शुअर? इज एनीबडी प्रेशरिंग यू?"

"नोबडी," मोरेश्वर म्हणाला. "दॅट इज द प्रॉब्लेम."

आणि तो नाचला. पावलं बरोबर, बोटं तर अनोंगपेक्षाही नाजूक. अडचण एकच होती. रामवोंगचा गोल मधली जागा डाव्या हाताला ठेवून फिरतो. मोरेश्वरने तीन आठवडे पाण्याच्या टाकीला, आपल्या सवयीप्रमाणे, ती उजव्या हाताला ठेवून प्रदक्षिणा घातली होती. त्यामुळे तो उलटा निघाला, आणि समोरून अख्खं ऑफिस आलं. प्रत्येकाशी गाठ पडली की तो बाजूला सरायचा, हात उमलवायचा, मान लववायचा आणि पुढे जायचा. सव्वीस वर्षांत ज्यांचे त्याने फक्त कोट पाहिले होते, त्या सगळ्यांचे चेहरे त्याने एका गाण्यात पाहून घेतले. ढोलवाल्यांना हे इतकं आवडलं की त्यांनी ते गाणं आणखी दोनदा वाजवलं. समोरून आलेल्या वहिनी म्हणाल्या, "चुकलात हो!" पण त्यांनी बोटं त्याच्यापुढेच उमलवली.

टाळ्या थांबेनात. मोरेश्वर घामाघूम होऊन माझ्याशेजारी बसला.

"सांगतो उल्हास, आयुष्यभर उगाच लाजत बसलो. हवं ते सरळ मागावं. आजपासून नो नो बंद."

"छान," मी कोटांच्या आडून म्हणालो.

तेवढ्यात अनोंग मोठं ताट घेऊन आली. नारळाच्या दुधातला चिकट भात, वर आंब्याच्या फोडी. "मोरेश्वर, फॉर यू?"

"नो, नो, प्लीज," मोरेश्वर म्हणाला.

अनोंग गोड हसली आणि ताट घेऊन पुढच्या टेबलाकडे गेली. मोरेश्वर ताटाकडे बघत राहिला. आंब्याची शेवटची फोड कुणीतरी उचलायच्या बेतात होतं. तो माझ्या कानाशी वाकला.

"उल्हास, तुझ्यासाठी म्हणून एक आणतोस का?"