बावीस हरणं

फाल्गुनाची उतरती दुपार. वाळू पिवळी, वाळू पांढुरकी, वाऱ्यानं कुशीवर वळवलेली वाळू तांबूस; लाटेमागे लाट, लाटेमागे लाट, आणि पाण्याचा थेंब नाही. त्या निर्जल सागराच्या काठी एक उंट बसला होता. दीर्घपक्ष्म, मंदगंभीर, रवंथमग्न. विश्वाविषयी कसलंही मत नसलेला. त्याचं नाव रॉकेट होतं.

रॉकेटच्या पाठीवर रंगीत गोधड्यांचं खोगीर होतं आणि खोगिरावर मिरजेहून आलेले दोन मित्र. पुढे अभिराम. मागे विहंग.

अभिरामच्या डोळ्यांतला उजेड काचबिंदूनं नेला होता. अंगणात वाळत घातलेले दाणे चिमणीनं न्यावेत तसा. एकेक, आवाज न करता. दीड वर्षापूर्वी शेवटचा दाणा गेला, तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता.

तेव्हापासून सगळं जग त्याच्याशी गोड बोलू लागलं. मावशी म्हणाली, हॉलला दिलेला रंग काय सुंदर आलाय! शेजारी, डॉक्टर, रिक्षावाले, सगळ्यांचे शब्द मधुर, मृदुल, पाकात घोळलेले. विहंग तेवढा बदलला नाही. "मावशी थापा मारतायत. भिंत पोपटी आहे. भाजीच्या गाड्यावर बसल्यासारखं वाटतंय," असं तो म्हणाला, तेव्हा अभिराम कित्येक महिन्यांनी हसला होता.

म्हणून वाळवंट बघायला त्यानं विहंगला आणलं होतं.

"मला तुझे डोळे हवेत, विंग्या," रेल्वेत तो म्हणाला होता. "असेल ते सांगायचं. सजवायचं नाही. सजवणारे घरी भरपूर आहेत."

विहंगनं छातीवर हात ठेवून शब्द दिला होता. एक गोष्ट तेवढी सांगायची राहिली होती. विहंग म्हणजे आकाशगामी; पण हा आकाशगामी स्टुलावर चढला की त्याचे गुडघे पाण्याचे होत. त्याच्या घरची ट्यूब बदलायला समोरच्या कुलकर्णीकाकू येत.

सुमार खाँनं, पांढऱ्या मिशांच्या मितभाषी उंटवाल्यानं, दोरीला हलका हिसका दिला. रॉकेट आधी मागून उठला. पृथ्वी वर आली. मग पुढून उठला. पृथ्वी खाली गेली, फार खाली गेली, आणि परत आली नाही. विहंगच्या तोंडून "आई गं" निघालं, पापण्या गच्च मिटल्या, आणि कपाळ अभिरामच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, आपटून तिथेच राहिलं.

"काय दिसतंय?" अभिरामनं विचारलं.

विहंगला पापण्यांच्या आतलं दिसत होतं. अंधार, आणि अंधारात तरंगणारा एक जांभळा ठिपका.

खरं सांगायला तीन शब्द पुरे होते: मला भीती वाटते. पण पुढे बसलेला माणूस निवांत झुलत होता. अचंचल, निःशंक, समईच्या ज्योतीसारखा ताठ. ज्याला काही दिसत नाही तो घाबरत नाही, आणि धडधाकट डोळे असलेल्यानं भेदरावं? शब्द घशापर्यंत आले, लाजले, आणि परत फिरले.

"वाळू," विहंग म्हणाला. हे खरं होतं.

"कशी?"

आणि तिथून उतार सुरू झाला.

"सोनेरी," विहंग म्हणाला. "सुवर्णवर्णी. सुकुमार. जणू निद्रिस्त धरित्रीचा मंद, मंद श्वास..." शाळेतले निबंध, बँकेची कॅलेंडरं, चुलत बहिणीची लग्नपत्रिका, जिथून मिळेल तिथून तो विशेषणं उचलत होता. प्रत्येक हेलकाव्याला एक.

"विंग्या, बरा आहेस ना?"

"उंटावर माणूस बदलतो," विहंग गंभीरपणे म्हणाला.

रॉकेट चालत होता. डावीकडे झुकत, उजवीकडे झुकत. जणू सगळं वाळवंट एक पाळणा आणि पाळण्यात एक थापाडं बाळ.

"हरणं आहेत?"

"आहेत."

"किती?"

"बावीस." आणि लगेच वाटलं, वीस म्हणायला हवं होतं.

"काय करतायत?"

"आपल्याकडे बघतायत. विशाल, करुण नेत्रांनी."

"सगळी?"

"एक सोडून."

आता लाज चढू लागली. आधी तळव्यांत, मग पोटरीत, मग पोटात; ऊन वाळूत मुरावं तशी खोल, मुकाट. पोपटी भिंतीला सुंदर म्हणणारी मावशी आता त्याच्याच तोंडून बोलत होती. ती निदान भिंत बघून तरी खोटं बोलली होती. त्यानं डोळे उघडायचा प्रयत्न केला. पापण्या थरथरल्या, पापण्या अडल्या, पापण्या त्याच्या राहिल्याच नव्हत्या.

एका टेकाडाच्या माथ्यावर रॉकेट थांबला. वारा घोंगावत होता.

"सूर्यास्त?" अभिरामनं हळूच विचारलं. याच्यासाठीच तो आला होता.

तेव्हा विहंगनं सूर्यास्त केला. त्यानं पश्चिमेला केशर सांडलं, केशरावर कुंकू सांडलं, त्यात वितळत्या तांब्याचं एक महाबिंब अलगद सोडलं. वर बगळ्यांची माळ उडवली. असा सूर्यास्त त्या मुलखानं कधी पाहिला नसेल. बगळे तर नाहीच नाही.

सुमार खाँ खाकरला. त्याला मराठी येत नव्हती, पण सूर्य आणि केशर त्याला कळत होते.

"साहब," तो अभिरामला म्हणाला, "आज सूरज कहाँ? सब धूल है. घंटाभर पहले ही अंदर चला गया." मग त्यानं मागच्या स्वाराकडे निरखून पाहिलं. पाठीत रुतलेलं डोकं पाहिलं, मिटलेल्या पापण्या पाहिल्या, आणि त्याचा आवाज एकदम मऊ झाला. "इनको भी नहीं दिखता? पहले बताते ना साहब. मैं बता देता."

वारा घोंगावत राहिला. रॉकेटनं एक दीर्घ उसासा टाकला.

विहंगला वाटलं, या टेकाडाच्या पोटात आपल्याएवढी जागा नक्की असेल. पण तिथे जायलाही आधी उंटावरून खाली बघावं लागलं असतं.

"मला माहीत होतं," अभिराम म्हणाला. "उंट उठल्यापासून तुझं कपाळ माझ्या पाठीत आहे. सूर्यास्त बघणारा माणूस असा बसत नाही."

"मग हरणं कशाला विचारलीस?"

"म्हटलं, कुठवर जातोस बघू."

तो हसला नाही. मग म्हणाला, "भीती वाटते म्हणाला असतास तरी चाललं असतं रे. मला रोज वाटते. जिन्याच्या पहिल्या पायरीवर."

सुमार खाँनं रॉकेटला माघारी वळवलं.

विहंगनं कपाळ उचललं. मग एक पापणी. मग दुसरी. जमीन भयंकर खाली होती. त्याचे कान जळत होते, दोन्ही मुठींत अभिरामचा शर्ट होता.

"धूळ आहे," तो म्हणाला. आवाज चिरकला. "आभाळ फरशी पुसलेल्या पाण्यासारखं आहे. वाळूत वेफर्सची पाकिटं आहेत. लांब पवनचक्क्या आहेत, त्यातल्या दोन बंद."

"हरणं?"

"एक शेळी आहे. पाठमोरी."

"बगळे?"

"अभ्या, सॉरी."

रॉकेट चालत होता. डावीकडे झुकत, उजवीकडे झुकत. मग पुढून प्रश्न आला, जुनाच, कोरा करकरीत.

"आणखी काय दिसतंय?"

विहंगनं समोर पाहिलं. अभिरामच्या निळ्या शर्टावर, दोन खांद्यांच्या मधोमध, एक ओला गोल होता.

"तुझ्या पाठीवर डाग आहे. माझ्या घामाचा. जिथे कपाळ होतं तिथे."

"केवढा?"

"वाटीएवढा. आता जरा कमी."

"काय करतोय?"

विहंग बघत राहिला. वारा गोलाच्या काठाला लागला होता. काठ फिकट होत होता, आत आत सरकत होता.

"मावळतोय," तो म्हणाला.

"सजवतोयस?"

"नाही रे. खरंच मावळतोय."

"मग सांगत राहा," अभिराम म्हणाला.

आणि विहंग सांगत राहिला. उघड्या डोळ्यांनी, जळत्या कानांनी, साध्या शब्दांत. आणि त्या निर्जल सागरावर, त्या सूर्यहीन सांजेला, एका निळ्या शर्टावर, काठाकाठानं, कणाकणानं, लाजेचा एक ओला गोल मावळत गेला, मावळत गेला, मावळला.