उलटा सदरा

शिवम्मा अंगणात धुण्याचे ढीग लावत होती, तेव्हा चावडीवरचं बोलावणं आलं.

सासऱ्यांचं पांढरं धोतर आणि मुंडासं एका बाजूला. ते सगळ्यांत आधी, स्वच्छ पाण्यात. नणंद महानंदाचं लाल लुगडं रंग सोडायचं, म्हणून ते वेगळं. शेतातले मातकट कपडे राखेच्या पाण्यात भिजायला. स्वतःचं लुगडं शेवटी, उरलेल्या पाण्यात. अकरा वर्षं हा क्रम कधी चुकला नव्हता. कपडा डोळे मिटून हातात दिला, तरी घरातल्या कुणाचा ते ती सांगायची.

सासरे कल्याणप्पा घाईघाईने आत आले. "ओढ्यापल्याडच्या नाक्यावर काल पोलिसांनी तीन माणसं मारली. त्यांचा अमीन मेलेल्यांचे कपडे घिऊन आलाय. घरोघरच्या धुणं धुणाऱ्या बायकांना बोलीवतोय. ज्याच्या घरचं निघंल, त्याचं घर जाळणार."

शिवम्माचा नवरा गुरुसिद्धप्पा तीन महिन्यांपासून सरहद्दीपलीकडे, संस्थानाविरुद्ध लढणाऱ्यांच्या कॅम्पात होता. गावात सांगितलं होतं, लातूरला अडतीवर कामाला आहे.

"मामा, त्यात..."

"कायबी असू दे. न्हाय म्हणायचं. घरात सात जीव हायेत."

चावडीपुढे वैशाखाचं ऊन होतं. जमिनीवर तीन गाठोडी सोडून ठेवली होती. बायका एकेक पुढे जायच्या, वाकायच्या, मान हलवून परत यायच्या. शिवम्माची पाळी आली. दुसऱ्या गाठोड्यातला सदरा तिला उभ्यानेच दिसला.

छातीपाशी कापड विरलं होतं. गळ्यातल्या लिंगाची चांदीची डबी तिथेच घासायची. उजव्या खांद्यावर बिब्ब्याचा तपकिरी डाग होता. जोखडाने खांदा सोलला, तेव्हा गुरुसिद्धप्पाने बिब्बा लावला होता. तो डाग घालवायला ती तीन वर्षं झटत होती. रिठे झाले, खार झाला, लिंबू झालं. डाग गेला नव्हता. आता त्याच्या खाली दुसरा, मोठा डाग होता.

"हात में लेके देख," अमीन म्हणाला.

तिने सदरा उचलला. आणि तिच्या हातांनी रोजच्या सवयीने बाह्या आत ओढून तो उलटा केला.

"रुक. उलटा क्यों की?"

पायरीवर उभ्या कल्याणप्पांनी खांब धरला.

"धुणं उलटं करूनच घेत्यात, साहेब," शिवम्मा म्हणाली. "कुणाचंबी असू दे."

"तेरे घर का है?"

"न्हाय."

"मरद किधर है?"

"लातूरला. अडतीवर."

अमीनने झाडाखाली बांधलेल्या घोड्याकडे बोट केलं. घोडा घामाने निथळत होता. "तेरे घर का नहीं ना? तो ले, घोडा पोंछ."

तिने त्या सदऱ्याने घोडा पुसला. मान पुसली, पाठ पुसली, पोटाखालचा फेस पुसला. डोळ्यांतून पाणी येऊ दिलं नाही. घरी आल्यावर ती अंगणातल्या ढिगांपाशी गेली आणि राहिलेलं धुणं घेऊन ओढ्यावर निघाली. घरातलं कुणी तिच्या वाटेत आलं नाही.

त्या आठवड्यात कल्याणप्पा म्हणाले, "गुरूचं एखादं धोतर, सदरा वाळत घालीत जा. माणूस येऊनजाऊन हाय, असं दिसू दे."

मग दर आठवड्याला ती नवऱ्याचे धुतलेलेच कपडे पुन्हा भिजवायची, धोपटायची, पिळायची. त्यांना ना घाम होता ना माती. सासू लक्ष्मम्मा रोज सकाळी तिच्या कपाळाला कुंकू लावायची आणि तिच्या डोळ्यांकडे न बघता आत जायची. रडायचं तर ओढ्यावर. तिथेही इतर बायका असायच्या. धुऊन धुऊन घरात राहिलेला त्याचा दुसरा सदरा चार महिन्यांत विटला.

भाद्रपदात हिंदुस्थानची फौज आली आणि चार दिवसांत राज्य बदललं. चावडीवर झेंडा लागला. जळकोटाहून आलेल्या पुढाऱ्यांनी कल्याणप्पांच्या गळ्यात हार घातला. कल्याणप्पा बोलायला उभे राहिले.

"सदरा बघताच म्या वळखला," ते म्हणाले. त्यांचा गळा दाटला, आणि तो खराच दाटला होता. "पर गावासाठी काळजावर दगुड ठिवला. म्या म्हणलं, न्हाय, ह्यो आमचा न्हाय."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायकांच्या घोळक्यात, कपाळावर ठसठशीत कुंकू घेऊन, शिवम्मा ऐकत होती.

संध्याकाळी लक्ष्मम्मा दोन शेजारणींना घेऊन आली. "चल बाई. आता लपवायचं काय राहिलं? बांगड्या उतरवू."

"आत्याबाई, चार महिने कुंकू तुमी लावलं," शिवम्मा म्हणाली. "पुसायचं माझं म्या बघीन." मग ती सासऱ्यांकडे वळली. हार अजून त्यांच्या गळ्यात होता. "मामा, त्यास्नी कुठं पुरलं, ते इचारलं का कुणाला?"

कल्याणप्पा खाली बघू लागले. "आता इचारून काय करायचंय, पोरी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पदरात विभूती बांधून निघाली. नाका ओस पडला होता. पलीकडे म्हातारा बलभीम गुरं राखत होता. खड्डे खणायला त्या दिवशी त्यालाच धरून नेलं होतं.

त्याने काठीने तरवडाच्या झुडपांकडे दाखवलं. पावसाने खचलेल्या तीन जागा होत्या. त्यांवर गवत आलं होतं.

"बसवून पुरलं का, बाबा? आमच्यात बसवून पुरत्यात."

"न्हाय आक्का. लई घाई व्हती. आडवंच ढकलाया लावलं."

"ह्यातला कुठला, बिब्ब्याच्या डागाचा?"

"कपडे आधीच काढून घेतलं व्हतं. मानसं सारखीच दिसत व्हती."

बलभीम गुरांमागे निघून गेला. शिवम्मा खाली बसली आणि तिने पदराची गाठ सोडली. विभूती एकाच्याच मापाने आणली होती. तिने ती तिन्ही ठिकाणी वाहिली. तिसऱ्याला थोडी कमी पडली, तेव्हा पहिल्यावरची दोन बोटांनी उचलून तिने तिथे टेकवली.