डाव्या हाताचा सत्तूर

"कुणाचा विश्वास बसायचा नाही, पण ऐका," म्हणत झिवादिनने डावा पंजा ऐरणीवर थाडकन आपटला. "माझ्या रादोशने गेल्या हिवाळ्यात एका वारात डुक्कर असं उभं चिरलं, की वार झाला अंगणात आणि आवाज आला आम्ही जेवायला बसल्यावर! बायको म्हणते, अहो, दार कोण वाजवतंय? म्हटलं, गप जेव. तुझ्या पोराचा सत्तूर आत्ता पोचतोय."

लोहार दाम्यानने मान वर केली नाही. तो कोपऱ्यातल्या फळीवरून मेंढीचं कातडं काढत होता. उंबऱ्यावर बसलेला मिलोये मात्र गुडघ्यावर थाप मारून हसला. मिलोये हा झिवादिनच्या बायकोचा धाकटा भाऊ. कुऱ्हाडीला धार लावून घ्यायची म्हणून तो आज झिवादिनच्या गाडीत चढला होता, पण कुऱ्हाड अजून पोत्यातच होती.

"डुक्कर तेवढंच चिरलं का, दाजी?"

"डुकराखालचा ओंडका चिरला. ओंडक्याखाली कोंबडी अंडं घालून गेली होती, तेही चिरलं. निम्मं बलक इकडे, निम्मं तिकडे. थेंब सांडला नाही."

"आणि हे सगळं डाव्या हाताने."

"डाव्या हाताने," झिवादिन म्हणाला.

त्याचा उजवा हात कोटाच्या खिशात होता. खिशातली किल्ली, काडेपेटी, सुटी नाणी त्याने घरून निघतानाच काढून ठेवली होती. हात हलला तर काही खुळखुळायला नको.

आलुबुखार उतरवायच्या दिवसांत त्या हाताला कापरं भरायला लागलं होतं. पहिल्यांदा कॉफीचा कप बशीत वाजला, तेव्हा त्याने बायकोला सांगितलं की बशी वाकडी आहे. मग चमचे वाकडे निघाले, मग शर्टाची बटणं. घरातली सगळी चीजवस्तू एकेक करून वाकडी ठरली आणि म्हातारा तेवढा सरळ राहिला. पण गारठा तोंडावर आला होता. पहिला कडक गारठा पडला की त्यांच्या गावात घरोघर डुक्कर कापायचं, आणि ज्याचा स्वतःचा सत्तूर आणि सरळ वार, तो त्या दिवसाचा धनी. रकिया दारूचा पहिला पेला त्याला, कढईतली पहिली कुरकुरीत चरबी त्याला, आणि त्याने थाप मारली तरी मान डोलवायची सगळ्यांनी. बाकीचे गरम पाणी वाहतात, सॉसेजच्या यंत्राचा दांडा फिरवतात. आणि ज्यांच्याच्याने काहीच होत नाही असे म्हातारे चुलीशी आज्यांच्या रांगेत बसून लसूण सोलतात.

झिवादिनला मिशी फुटली तेव्हापासून कापायचा ओंडका त्याचा होता. त्याच्यामागे कोण, हे कुणी विचारत नसे. मिलोये कितीतरी वर्षं त्याच्या शेजारी टोपली धरून उभा होता, एवढं पुरेसं होतं. मागच्या खेपेला एक वार जरा तिरका गेला, तेव्हा मिलोयेने टोपली खाली ठेवून हात मोकळे केले होते.

म्हणून झिवादिनने शेडचं दार आतून लावून डाव्या हाताला शिकवणी लावली. आधी कोबीचे गड्डे, मग भोपळे, मग बीच झाडाची लाकडं. पहिल्या दिवसांत कोबी घरंगळत कोंबड्यांकडे जायचा आणि सत्तूर भलत्याच जागी रुतायचा. हळूहळू हात बसला. अडचण एकच. दाम्यानच्या घराण्यात पात्याला धार एकाच बाजूने काढतात आणि मुठीला तळव्याकडून पोट ठेवतात. उजव्याचा सत्तूर डाव्याला चालत नाही. नवा हवा होता. आणि झिवादिनने स्वतःसाठी डावा सत्तूर सांगितला असता, तर ती बातमी त्याच्या आधी घरी पोचली असती.

तेव्हा त्याने सांगितलं, पोरासाठी हवाय. पोरगा डावखुरा. त्याला यायला सवड नाही, पण हात थेट बापाचा. आणि दाम्यानने पुढे केलेल्या कोमट मेणाच्या गोळ्यात त्याने स्वतःची डावी मूठ दाबली होती.

आता दाम्यानने ते कातडं बाकावर पसरलं, दोन सत्तूर त्यावर ठेवले आणि मागे सरला. धारेची वस्तू तो कुणाच्या हातात देत नसे. हातातून हातात गेली की भांडण लागतं.

"एक रुंद काढलाय, एक आखूड," तो म्हणाला. "दोन्ही त्याच मुठीचे. एक निवडा, दुसऱ्याचं मी बघतो."

झिवादिनने रुंद सत्तूर उचलला. देखणा होता, नांगराच्या फाळासारखा. पण हवेत फिरवताच त्याचं टोक पुढे ओढू लागलं. मनगट मागे राहिलं. त्याने तो ठेवला. दुसरा आखूड, पाठीला जाड, दिसायला ओबडधोबड. तो हातात घेतला आणि कोपरापर्यंत सगळं एकदम शांत झालं. वजनाने हात जागच्या जागी बसवला. त्याने तो दोनदा खाली आणला, आणि क्षणभर तो विसरलाच की आपण कुणासाठी म्हणून आलोय.

"हा," तो म्हणाला. "हाच."

"दाजी, वापरणार रादोश," मिलोये म्हणाला, "आणि पसंत तुम्ही करता?"

"बापाने सून पसंत केली, मग सत्तुराचं काय?"

"सून कुठे पसंत केली तुम्ही? ती त्याला बसमध्ये भेटली."

"बस मी पसंत केली होती."

मिलोये हसला, पण त्याची नजर झिवादिनच्या डाव्या हातावर होती. "तुमचा डावा बरा चालतो हो. मला वाटलं होतं, तो नुसता पेला धरायला आहे."

"उजव्याला आराम द्यावा माणसाने. रविवार त्यालाही असतो."

"आज गुरुवार आहे."

झिवादिनने सत्तूर हळूच कातड्यावर ठेवला. "बांध रे दाम्यान. पोरगा बाहेर गाडीत खोळंबलाय."

दाम्यानने सत्तूर बांधला नाही. त्याने मुठीवर अंगठा ठेवला. तिथे दोन रिवेट चकचकत होते आणि तिसऱ्याचं भोक रिकामं होतं.

"तिसरा बाकी आहे, काका. मालकाने आधी हाड फोडायचं. इथे, माझ्यासमोर. मूठ हातात फिरली तर मला ती उघडून पुन्हा घासावी लागते. वडिलांपासून असंच आहे, तुम्हाला ठाऊक आहे."

"हात्तिच्या. आण हाड, मी फोडतो."

"मालक तुम्ही नाही ना."

"बाप आहे मी त्याचा!"

"मेणाला बापाचा हात चालला. पण पोराच्या हातात मूठ फिरते का, ते तुमच्या हाताने कसं कळणार?"

मिलोये तोवर उठून उभा राहिला होता. इतक्या चपळाईने तो ओंडक्यापाशीही कधी हलला नव्हता. "भाच्याला हाक मारतो. बसून बसून गारठला असेल बिचारा."

"थांब," झिवादिन म्हणाला. "त्याची पाठ धरलीय."

"सकाळी पिठाची पोती उतरवत होता की."

"म्हणूनच तर धरली!"

पण मिलोये गेला. बाहेर गाडीचं इंजिन बंद झाल्याचं ऐकू आलं. झिवादिनने जीभ हलवून पाहिली. जन्मभर तिने त्याला दगा दिला नव्हता; लग्नात, मयतात, पोलीस चौकीत, कुठेही. आता तिच्यावर काहीच येईना. पोराला खूण करावी तर कसली करायची? रादोशला सांगायचं त्याने पुन्हा पुन्हा पुढे ढकललं होतं. आणि हा पोरगा असा, की लहानपणी जाम कुणी खाल्ला हे विचारायच्या आधीच रडत येऊन सांगायचा.

रादोश आत आला. उंच, खांद्यात वाकलेला, हातमोजे घातलेला. मिलोये त्याच्या मागोमाग आला आणि दार लावून घेऊन त्याला टेकून उभा राहिला.

दाम्यानने डुकराच्या पायाचा सांधा ओंडक्यावर ठेवला. "एका हाताने धरायचा, एका हाताने वार घालायचा. घाई नको. मूठ कशी बसते ते बघायचंय मला."

"भाच्या, दाजी तुझ्या डाव्या हाताचं कौतुक सांगत होते," मिलोये म्हणाला. "अंडंसुद्धा चिरतोस म्हणे."

रादोशने सत्तुराकडे पाहिलं. मुठीचं पोट भलत्या बाजूला होतं. मग त्याने बापाकडे पाहिलं. झिवादिन भट्टीकडे बघत होता, जणू निखारे मोजायला बसवलं होतं त्याला. रादोशची नजर खाली उतरली, कोटाच्या उजव्या खिशावर थांबली. खिशाचं कापड आतून हलत होतं, पिशवीत धरलेल्या माशासारखं.

दाम्यानने घसा खाकरला.

रादोशने हातमोजे काढले. आधी डावा. मग त्याने डाव्या हाताने सत्तूर उचलला.

"अरे वा," मिलोये म्हणाला. "आणि लहानपणी माझ्या खिडकीची काच फोडलीस, ती तर उजव्या हाताने दगड मारून. मी स्वतः पाहिलं होतं."

"तो नेम चुकावा म्हणून, मामा," रादोश म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "डाव्याने मारला असता तर काच काय, मागची भिंतही राहिली नसती. तुमच्यावर दया आली. शाळेत बाई माझा डावा हात बाकाला बांधून ठेवायच्या. एकदा... एकदा बाक घेऊनच घरी गेलो मी."

दाम्यान पहिल्यांदाच हसला. मिलोये हसला नाही.

झिवादिन भट्टीकडून वळला. थाप कच्ची होती, मधेच अडखळलेली, पण थापच होती. आणि ती कुणासाठी मारली जात होती ते त्याला कळलं. अजून सगळं सावरता येणार होतं. पोराने कसाबसा एक वार घालायचा, हाड फुटो न फुटो, दाम्यान मान हलवील, तिसरा रिवेट बसेल. येत्या गारठ्यात ओंडका झिवादिनचाच.

रादोशने उजव्या हाताने सांधा धरला आणि डावा वर उचलला.

तेव्हा झिवादिनला कोपर दिसलं. ते अंगापासून लांब, पार बाहेर गेलं होतं. अंगठा पात्याच्या पाठीवर चढवलेला. मनगट सैल. शेडमधल्या पहिल्या दिवशी त्याचं स्वतःचं कोपर असंच होतं, आणि त्या दिवशी सत्तूर कोबीपासून वीतभर लांब पडला होता. कोबीला बोटं नव्हती. इथे सांध्याभोवती पोराची चार बोटं होती, मोठी, गोरी, पसरलेली. कुठे लपवायची असतात हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्याच्या हातात कायम सॉसेजच्या यंत्राचा दांडाच आला होता.

"चल," मिलोये हळू आवाजात म्हणाला. तो दारापासून पुढे आला होता. "मार की."

रादोशने श्वास आत ओढला. आखूड, जाड पातं भट्टीच्या उजेडात वर जाऊन थांबलं.

"खोटं!"

कोण ओरडलं ते मिलोयेला लगेच उमगलं नाही. मग त्याला ओंडक्यावर हात दिसला. झिवादिनचा उजवा हात खिशातून निघून पोराच्या बोटांवर आडवा पडला होता आणि तिथे, सगळ्यांच्या देखत, थडथडत होता.

"खोटं बोलतोय तो," झिवादिन म्हणाला. "पोरगा उजवा आहे."